पथ्याचा कागद कोणाचा, किडनी कोणाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरल्यावर जिभाऊ आत आले आणि खुर्चीत टेकण्याआधीच त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशन केलेले. वर ठळक अक्षरांत ‘किडनीच्या रुग्णांसाठी आहार’, डावीकडे ‘चालेल’ आणि उजवीकडे ‘वर्ज्य’. डावी बाजू चार ओळींत संपली होती. उजवी बाजू पानभर.

जिभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. पारोळ्यातली निम्मी माणसे त्यांच्या हातचे तिकीट घेऊन धुळ्याला आणि जळगावला जाऊन आलेली आहेत. वय ६४, मधुमेह १७ वर्षांचा, जोडीला रक्तदाब. मध्यंतरी वर्षभर ते मुलाकडे नाशिकला होते. तिथे तपासणीत क्रिॲटिनीन २.१ निघाले आणि घरात एकच धावपळ उडाली.

‘कागदवर जे लिखेल शे, तेच खास मी, डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले. ‘चौदा महिना व्हयनात. एक दिन बी चुकनू नही.’

मी त्यांना काट्यावर उभे केले. पूर्वीचे वजन ६८ किलो, आता ५७. दंड बारीक झालेले, पायावर मात्र सूज. रक्तदाब १७० आणि १००. रक्तातले अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन ३.१, म्हणजे कमी. पोटॅशियम ४.३, म्हणजे अगदी व्यवस्थित. चौदा महिने हा माणूस डाळ, दूध, फळे आणि पालेभाज्या सोडून भात आणि उकडलेल्या दुधीवर राहिला होता. मग पायावर सूज का आणि रक्तदाब एवढा का, हे मला कळेना. मी विचारले, ‘जिभाऊ, हे बेचव जेवण घशाखाली उतरते कसे?’ तेव्हा उलगडा झाला. पापड, लोणचे आणि बिबडे यांचे नावच कागदावर नव्हते! तोंडाला चव यावी म्हणून रोज दोन उडदाचे पापड, कैरीच्या लोणच्याची फोड आणि भातावर वरून मीठ असा क्रम चालू होता. कागदाप्रमाणे पाहिले तर त्यांचे काहीही चुकले नव्हते.

कागद होता त्यांच्या धुळ्याच्या व्याह्यांचा. व्याह्यांचे पोटॅशियम फार वाढलेले, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुरता तो लिहून दिला होता. व्याह्यांनी मायेपोटी त्याची प्रत काढली, वर लॅमिनेशन करून दिले. असे कागद आता मोबाइलवरून तर दिवसाला दहा फिरतात. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

किडनी म्हणजे मूत्रपिंडे. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी मुठीएवढी दोन. त्यांचे काम नुसते लघवी तयार करण्याचे नाही. अंगातले पाणी, मीठ, पोटॅशियम, आम्ल यांचा हिशेब ठेवणे, रक्तदाब सांभाळणे, नवीन रक्त तयार व्हावे म्हणून मगजेला निरोप देणे, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे. मधुमेह आणि रक्तदाब ही त्यांच्या बिघाडाची सर्वांत मोठी कारणे. वाईट भाग असा, की निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. दुखत नाही, लघवीही होत असते.

क्रिॲटिनीनचा आकडा आता लोकांना पाठ झाला आहे, पण तो एकटा फसवा असतो. क्रिॲटिनीन स्नायूंतून येते, त्यामुळे वय आणि स्त्री-पुरुष भेद यांनी अर्थ बदलतो. २५ वर्षांच्या तरुणाचे १.४ असेल तर किडनीचे काम साधारण ७० च्या घरात असते. ६२ वर्षांच्या बाईंचे तेच १.४ असेल तर काम ४२ च्या आसपास उतरलेले असते. हा जो दुसरा आकडा, त्याला ‘ईजीएफआर’ म्हणतात. ९० च्या वर उत्तम, ६० च्या खाली तीन महिने राहिला तर दीर्घकालीन विकार, १५ च्या खाली गेला तर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी. जिभाऊंचा तो ३४ होता. बऱ्याच प्रयोगशाळा हल्ली तो छापून देतात. छापला नसेल तर मागून घ्यावा. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिन किती जाते याची तपासणी करावी. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने ती वर्षातून एकदा करावीच, कारण क्रिॲटिनीन वाढण्याच्या कितीतरी आधी ती धोक्याची सूचना देते.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. वर्षानुवर्षे दाद न देणारी साखर अचानक कमी राहू लागते, गोळ्या कमी कराव्या लागतात, इन्शुलिनही कमी लागते. घरचे खूश होतात. माझ्याकडे एका कुटुंबाने या आनंदात पेढे आणले होते. पुष्कळदा याचे कारण साखर सुधारली हे नसून किडनी थकली हे असते. इन्शुलिन आणि काही गोळ्या शरीराबाहेर टाकण्याचे काम किडनी करते. ते मंदावले की औषध अंगात रेंगाळते आणि साखर धोकादायक खाली येते. त्या पेढेवाल्या गृहस्थांचे क्रिॲटिनीन ३.४ निघाले.

आता पथ्य. ते सुरू होते मिठापासून, आणि मिठाचे पथ्य बहुतेक प्रत्येकाला लागू असते. दिवसभराचे सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक लहान चमचा. ‘आमच्या भाजीत मीठ कमीच असते’ असे सगळ्या सूनबाई सांगतात आणि ते खरेही असते. पण आपल्या खानदेशात मीठ भाजीतून येते त्याहून अधिक तोंडी लावण्यातून येते. उडदाच्या पापडात मीठ आहेच, वर पापडखार आहे, आणि तोही सोडियमच. लोणचे, ठेचा, कुरडया, बिबडे, फरसाण, आणि शेवभाजीतली शेव! कळण्याच्या भाकरीच्या पिठातच मीठ दळलेले असते, हे तर कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. घरी दळण करताना मीठ न घालता कळणा दळून आणला तर ती भाकरी बंद करण्याचे कारण नाही. सैंधव किंवा काळे मीठ घेतले तर चालते, हा समज चूक. तेही मीठच. ‘लो-सोडियम’ म्हणून मिळणारे महाग मीठ तर किडनीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून शेजाऱ्याने आणलेला पुडा तुमच्यासाठी विष ठरू शकतो.

चव कशाने आणायची? लिंबू, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर, आणि आपला काळा मसाला, मात्र घरी केलेला, मीठ न घातलेला. पंधरा दिवस जेवण अळणी लागते, नंतर जीभ रुळते. जिभाऊंच्या पत्नींनी पापडाचा डबा चक्क माळ्यावर टाकला आणि तीन आठवड्यांत, गोळ्या तशाच असताना, पायाची सूज निम्मी झाली.

पोटॅशियमचे मात्र मिठासारखे नाही. ते सगळ्यांना वर्ज्य नसते. रक्तातला आकडा ५ च्या आत असेल आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर फळे-भाज्या तोडून टाकण्याने नुकसानच होते, बद्धकोष्ठही होते, आणि बद्धकोष्ठाने पोटॅशियम उलट वाढते. आकडा ५.५ च्या पुढे जाऊ लागला तर मात्र दुर्लक्ष करण्याची सोय नाही, कारण ते वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही बऱ्याचदा काही पूर्वसूचना न देता.

एका मे महिन्यातला प्रसंग. एरंडोल बाजूच्या एका बाई आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून घेत होत्या. उन्हाचा पारा ४४ च्या पुढे. लग्नसराई, त्यामुळे पाहुण्यांची ये-जा, आणि आजारी माणसाला भेटायला जाताना मोकळ्या हाताने जायचे नाही ही आपली रीत. कोणी केळी आणली, कोणी शहाळी. ‘शहाळे थंड असते, लघवी सुटेल’ म्हणून दोन दिवसांत बाईंना चार शहाळी पाजली गेली. रविवारी रात्री मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला तो ‘पाय उचलतच नाही’ म्हणून. कार्डिओग्राम काढला तर लाटा तंबूसारख्या उभ्या. कॅल्शियमचे इंजेक्शन देऊन त्यांना तसेच धुळ्याला पाठवले. तिथे पोटॅशियम ७.४ निघाले आणि रात्रीतच डायलिसिस झाले. बाई वाचल्या. एका मोठ्या शहाळ्यात साधारण दोन केळ्यांएवढे पोटॅशियम असते, हे त्या पाहुण्यांना कोण सांगणार? त्यांचा हेतू वाईट नव्हता.

आपला जिल्हा केळीचा. रावेर, यावल, चोपड्याच्या रुग्णाला केळे बंद करा म्हणणे म्हणजे समुद्रकाठच्या माणसाला मासळी बंद करा म्हणण्यासारखे आहे. अशाच एका बागाईतदाराने मला तोंडावर सुनावले होते, ‘मना मयामा केयीसनी बाग शे, अन् मालेच केय बंद!’ त्यांचे पोटॅशियम ५.८ होते, त्यामुळे माझा नाइलाज होता. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, सफरचंदात त्याच्या निम्म्याहूनही कमी. अननसाची फोड, नासपतीचा तुकडा, पपईची लहान फोड यांवर भागवता येते. भाजीबाबत एक जुनी युक्ती आहे. बटाटा, रताळे, सुरण यांची साल काढून पातळ चकत्या कराव्यात, कोमट पाण्यात दोन तास ठेवाव्यात, ते पाणी फेकावे, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेकून द्यावे. पोटॅशियम निम्म्याच्या आसपास कमी होते. पालक आणि मेथीही अशीच उकडून पाणी टाकून करावी. पाणी टाकताना जीवनसत्त्वे जातात म्हणून सासूबाई हळहळतात, पण इथे तोच उद्देश आहे. रस्सा मात्र पिऊ नये, कारण निघालेले पोटॅशियम रश्श्यातच असते.

हिवाळ्यात भरिताचे काय, हा प्रश्न मला दरवर्षी येतो. शेतात तुराट्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, हिरवी मिरची आणि त्यावर कळण्याची भाकरी! वांग्यात पोटॅशियम मध्यम असते, त्यामुळे आकडा ठीक असलेल्याने एक वाटी भरीत खायला माझी हरकत नसते. शेंगदाणे आणि खोबरे हात आखडून, मीठ अर्धे. पार्टीला गेलेला माणूस एका वाटीवर थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. मीही खानदेशीच आहे.

सर्वांत जास्त घोळ प्रथिनांचा आहे. किडनी बिघडली की डाळ बंद, दूध बंद, अंडे बंद, असा सरसकट हुकूम निघतो. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा ग्रॅमच्या आसपास, कपभर दुधात सहा, एका अंड्यात सहा, एका भाकरीत चार-पाच. म्हणजे दोन वेळचे साधे जेवण, दोन वाट्या वरण आणि कपभर दूध किंवा दही यांत हिशेब जुळतो. जास्त नको, म्हणून प्रथिनांची पावडर आणि रोजचे मटण नको. पण बंदही नको. फार कमी केले तर शरीर स्वतःचे स्नायू खाते. जिभाऊंचे ११ किलो तिथेच गेले होते.

आणि डायलिसिस सुरू झाले की हाच नियम उलटा होतो. प्रत्येक डायलिसिसमध्ये प्रथिनांचा काही भाग वाहून जातो, म्हणून आता दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवे. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. आधीच्या दोन वर्षांचा कागद घरात भिंतीला तसाच चिकटवलेला असतो आणि डायलिसिसवरचा माणूस त्याप्रमाणे उपाशी राहतो. हे मी इतक्या घरांत पाहिले आहे, की डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो : घरी जाऊन तो कागद फाडा आणि नवा लिहून मागा.

पाण्याचेही तसेच. लघवी नीट होत असलेल्याला पाणी तोडायचे कारण नसते. लघवी कमी झालेल्या डायलिसिसच्या रुग्णाने मात्र दिवसभरात झालेली लघवी अधिक अर्धा लिटर, एवढ्यावर भागवायचे, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळे धरायचे. आपल्या उन्हाळ्यात हे सोपे नाही. सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरून ठेवावे, बर्फाचा लहान खडा चघळावा, चूळ भरून टाकावी. मीठ कमी झाले की तहानही कमी होते, हा अनुभव घेऊन पाहण्यासारखा आहे.

डायलिसिस म्हणजे सगळे संपले, असे आपल्याकडे अजून मानतात. वाचकांतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असलेल्या जयप्रकाश नारायण यांची नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. त्या काळात डायलिसिस देशात मोजक्याच ठिकाणी होत असे. जेपींच्या यंत्रासाठी लोकवर्गणी झाली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे ते डायलिसिसवर होते, आणि १९७७ च्या निवडणुकीचे सारे राजकारण त्यांनी त्याच अवस्थेत केले. आज त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, धुळ्यात आणि जळगावात सोय आहे.

खर्चाची भीती पुष्कळांना वेळेवर येऊ देत नाही. राज्याची जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. तेव्हा ती राजीव गांधींच्या नावाने होती, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आहे. डायलिसिस तिच्यात बसते. २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाख करण्याचा आणि प्रत्यारोपणासाठीची अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात जावे आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. भरती झाल्यावर, पैसे भरून झाल्यावर विचारू नये, आधीच विचारावे.

विचारण्यावरून माझीच एक गोष्ट सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी बासष्टीच्या एक आजी गुडघे धरून आल्या. माझ्या जुन्या रुग्ण. क्रिॲटिनीन १.८, म्हणजे किडनीचे काम ३० च्या जेमतेम वर, हे त्यांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. बाहेर पंचवीस माणसे बसलेली. मी फाइल न उघडता डायक्लोफेनॅकच्या गोळ्या लिहिल्या, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. आजींसोबत त्यांची सून होती, दहावीपर्यंत शिकलेली, डोक्यावरचा पदर सावरत दाराशीच उभी. ती हळूच म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी आईंच्या किडनीला चालते ना?’

खोटे कशाला बोलू, क्षणभर मला राग आला. मग मी फाइल उघडली आणि ती चिठ्ठी फाडून टाकली. अशा वेदनाशामक गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि आधीच थकलेली किडनी दहा दिवसांत डायलिसिसपर्यंत जाऊ शकते. त्या जागी पॅरासिटामॉल आणि शेकणे दिले. सूनबाईंना मी विचारले, हे तुम्हाला कोणी सांगितले? त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच मागच्या वर्षी सांगितले होते, मी वहीत लिहून ठेवले.’

तेव्हापासून किडनीच्या प्रत्येक रुग्णाला मी शंभर पानी वही घ्यायला लावतो. तारीख, वजन, रक्तदाब, क्रिॲटिनीन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, चालू गोळ्यांची नावे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘मला किडनीचा विकार आहे’. दाताच्या डॉक्टरांकडे, हाडाच्या डॉक्टरांकडे, औषधाच्या दुकानात, सगळीकडे ते पान आधी दाखवायचे. मेडिकलमधून परस्पर घेतलेली अंगदुखीची गोळी ही आपल्याकडची फार मोठी अडचण आहे. रंगीत औषध सोडून स्कॅन करायला सांगितला तर स्कॅनच्या आधी वही दाखवायची. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांतले चूर्ण किंवा भस्म कोणी दिले तर ते पुडीसकट डॉक्टरांना दाखवायचे. काहींत शिसे आणि पारा सापडलेला आहे. उलट्या-जुलाब लागले, खाणे-पिणे बंद झाले, तर रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आजारी पडण्याआधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. लग्नाच्या पंगतीनंतर रात्री दोन वाजता कोणाला विचारणार?

हात सांभाळण्याची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती रुग्णाने स्वतः सांगितल्याशिवाय कोणी पाळत नाही. पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल तर त्यासाठी हाताची शीर लहानशा शस्त्रक्रियेने तयार करावी लागते आणि ती वापरण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा हात त्यासाठी राखून ठेवावा. त्या हातावर सलाइन नको, रक्त काढणे नको. सिस्टरबाई घाईत असतात, त्या समोर आलेला हात धरतात. नम्रपणे पण ठामपणे ‘ताई, हा हात नको, दुसरा घ्या’ म्हणावे. उद्धटपणा नाही हा. त्याच सुमारास कावीळ ‘ब’ ची लसही टोचून घ्यावी. किडनीच्या रुग्णाला ती नेहमीपेक्षा दुप्पट मात्रेत द्यावी लागते.

डॉक्टरांना प्रश्न विचारले तर ते रागावतील, ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही, वर माझेच उदाहरण दिले आहे. म्हणून तीनच प्रश्न घरून लिहून न्यावेत आणि आत गेल्याबरोबर वही पुढे करावी. माझी किडनी किती काम करते? मागच्या वेळेपेक्षा काय बदलले? आजपासून माझ्या जेवणात काय बदलू? ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर नव्हे, आकडा मागावा. काही नव्या गोळ्या किडनीची घसरण मंदावतात. त्यांतली डॅपाग्लिफ्लोझिन ही पूर्वी महाग होती, २०२० मध्ये पेटंट संपल्यावर बरीच स्वस्त झाली. ती आपल्याला चालेल का, हेही विचारण्यासारखे आहे. रुग्णालयातली आपली कागदपत्रे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात.

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी जिभाऊ आले. वजन ६१, रक्तदाब १३४ आणि ८०, क्रिॲटिनीन २.०. लॅमिनेशनचा कागद त्यांनी व्याह्यांना परत केला होता. हातात वही, कंडक्टरच्या सवयीप्रमाणे आडव्या-उभ्या रेघा आखलेली, बेरजेसह. मी रक्ताचा रिपोर्ट पाहत होतो तोवर त्यांना धीर नव्हता.

‘ते सगळं ऱ्हाऊ द्या. आखाजीले आमरस चाली का नही, ते सांगा पहिले.’

पोटॅशियम ४.६ होते, साखरही आवाक्यात होती. मी सांगितले, अर्धी वाटी, जेवणाबरोबर, रसात साखर न घालता, पुरणपोळी एकच आणि त्या दिवशी दुसरे फळ नाही. त्यांनी खिशातून पेन काढले, ‘आमरस अर्धी वाटी, डॉ. ला विचारून’ असे लिहिले, पुढच्या रकान्यात पुढच्या तपासणीची तारीख घातली आणि मग विचारले, ‘अन् दुसऱ्या दिवशी?’